दाखवायला नेलेलं पोर

मोहाडीच्या आसपासच्या गावांत कुणाचं लग्न जुळवायचं झालं की आधी सत्यभामाबाई निंबार्त्यांच्या अंगणात मोटारसायकल येऊन उभी राहते. बाई दलाल नाहीत बरं का. कुणी चुकून तसं म्हणालंच तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकूनच परत जाईल. लग्न पार पडलं की एक लुगडं, मांडवात मानाची जागा आणि 'बाई होत्या म्हणून झालं' हे चार माणसांत बोललेलं एक वाक्य, एवढ्यावर बाई खूश. नवरा गोमाजी बांधीतल्या धानात आणि बाई गावोगावच्या सोयरिकीत, असा यांचा संसार आजवर सुखानं चालला आहे.

स्थळ पाहायची बाईंची रीत न्यारी. समोरच्या खोलीत त्या फार वेळ बसतच नाहीत. समोरची खोली काय, सगळ्यांचीच झाडलेली असते! बाई पाणी मागतात आणि ते प्यायला घरामागच्या सांदवाडीत जातात. तिथं बैलाच्या बरगड्या दिसतात, सुनेचा चेहरा दिसतो, न्हाणीजवळ म्हातारीचं लुगडं किती दिवसांचं पडलं आहे तेही दिसतं. मग शेजारणीकडे तंबाखू मागायच्या निमित्तानं दोन घटका. एवढं झालं की बाईंचा निकाल तयार, आणि तो सहसा चुकत नाही.

पण बाईंची खरी विद्या दुसरीच. झाकायची. तिरळ्या पोरीला खिडकीच्या कोणत्या बाजूला बसवायचं, तोतऱ्या पोरानं 'हो' आणि 'नाही' याच्यापुढे जायचं नाही, लंगडणाऱ्याला पाहुणे यायच्या आधीच पाटावर बसवून ठेवायचं, हे त्यांना पाठ. 'मी खोटं नाही बोलत,' त्या सांगायच्या, 'मी फक्त सांगत नाही. एकदा जीव लागला का मानसाले दोष नाही दिसत. जीव लागू द्याचा, मंग हयूहयू कळूनच जाते.' आणि खरंच, त्यांनी जुळवलेले ते तिरळे-तोतरे संसार आज लेकराबाळांनी भरलेले आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते बाईंनी आयुष्यभर खरं करून दाखवलं.

अशा बाईंच्या घरात योगेंद्र जन्मला.

कैलाश आणि तृप्तीचा पहिला मुलगा, बाईंचा एकुलता एक नातू. घरात सगळे योगू म्हणत. गोरापान, टपोऱ्या डोळ्यांचा, पण नावानं हाक मारली तर वळायचा नाही. बिस्किटाचा पुडा मात्र शेजारच्या घरात फुटला तरी कान टवकारायचा. डब्याचं झाकण जमिनीवर भिंगरीसारखं फिरवत तासन्‌तास बसायचा. बोलणं नाहीच. मनाविरुद्ध झालं की चावायचा, आणि चावायला नेमका आजीचाच हात मिळायचा. कारण त्या वेळी त्याला धरायला आजीच असायची ना! आणि दार उघडं दिसलं रे दिसलं की पोरगं सुटलंच. गावामागच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, पाणी असतं, तिकडे सरळ. त्याला पाण्याचं इतकं वेड की गावातल्या माणसांनी कितीदा तरी त्याला काठावरून उचलून आणून दिलं.

'उशिरा बोलन. याचा आजा कोठी बोलते?' असं म्हणत बाईंनी दिवस काढले. गोमाजींनी त्यावरही काही म्हटलं नाही. शेवटी अंगणवाडीच्या बाईंनी तृप्तीला बाजूला घेऊन समजावलं आणि भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोराला निवांत पाहिलं, पुष्कळ विचारलं आणि सांगितलं की याला ऑटिझम आहे. हा ताप नाही, उतरणार नाही. याचा मेंदू जगाकडे वेगळ्या रीतीनं पाहतो. गोळी नाही, पण शिकवणारी माणसं आहेत. चांगली पाहून निवडा, फसवणारेही पुष्कळ आहेत.

तृप्ती एसटीत खिडकीकडे तोंड करून रडत होती. बाई मात्र पदर खोचून बसल्या होत्या.

"रडून कायले राहिली वं? डॉक्टरनं काय सांगतलं? चांगली मानसं पाहा. मंग मानसं पाहाचं काम कोनाचं आहे या तालुक्यात?"

तेव्हा तृप्तीला वाटलं, सासू आपली वाघीण आहे. आणि होतीच. पण वाघिणीचंही कुठंतरी चुकतं, ते पुढे येईलच.

मधल्या काळात एक गोष्ट झाली होती, ती सांगायलाच हवी. गावाजवळच्या एका नर्सरीत योगूला घातलं होतं. तिथं त्यानं एका पोराला चावा घेतला आणि दुसऱ्या दिवशी फाटकातूनच परत पाठवलं. 'दुसऱ्याइचे पालक ऐकत नाही, आजी. उद्यापासून नोका आनू.' बाई नातवाला कडेवर घेऊन भर दुपारी घरी आल्या, त्या दिवशी जेवल्या नाहीत. तेव्हापासून घरी सोयरिकीचे पाहुणे आले की योगूला तृप्तीसकट मागच्या खोलीत ठेवायचं आणि बाहेरून कडी लावायची असा नेमच झाला. एकदा कडी राहिली. पोरगं पाहुण्यांमध्ये येऊन गोल गोल फिरायला लागलं. पाहुण्यानं विचारलं, 'हा कोनाचा?' आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, 'शेजारचा आहे.' दाराआड उभ्या तृप्तीनं ते ऐकलं. सासूसुना दोघीही तो शब्द कधी विसरल्या नाहीत.

तर बाई माणसं पाहायला निघाल्या. पहिलं ठिकाण नागपूरचं, तृप्तीनं मोबाईलवर शोधलेलं. काचेचं दार, आत थंडगार हवा, भिंतीवर हसऱ्या लेकरांचे फोटो. टाय लावलेला एक भाऊ समोर येऊन बसला.

"मांजी, टेन्शन नहीं लेने का. सहा महिन्यांत बच्चा बोलायला लागतो. गॅरंटी!"

तृप्तीचे डोळे चमकले. बाईंचे बारीक झाले. "पोरासंग मायले आत बसू देता का?"

"नहीं नहीं, पेरेंट्स बाहेर. बच्चा डिस्टर्ब होतो."

बाईंनी पाणी मागितलं आणि ते प्यायला बाहेर जिन्यात गेल्या. तिथं एक आई पोराची बाटली सांभाळत बसली होती. कधीपासून येता, बाईंनी विचारलं. तिसरं वर्ष, ती म्हणाली. बोलते का पोरगं? तिनं नुसती मान हलवली आणि बाटलीचं झाकण उगाच घट्ट केलं. बाई परत आत आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "चाल." बसस्टँडवर तृप्ती चिडली तेव्हा बाईंनी तिला ऐकवलं, "ज्या घरची चूल पाहू देत नाही, तठी सुपारी नाही फोडाची. अन् गॅरंटी देते का कोनी? मी इतके लगनं लावले, एकाची तरी गॅरंटी देल्ली का?"

दुसरं ठिकाण जवळच्याच एका गावचं. समोरची खोली साधी, बोलणारी बाई गोड. सत्यभामाबाई सवयीनं घराच्या मागे गेल्या तर मागच्या खिडकीतून दिसलं, एक पोर खुर्चीला पट्ट्यानं बांधलेलं, रडून रडून थकलेलं, आणि शिकवणारी मुलगी मोबाईल पाहते आहे. बाईंनी खिडकीतूनच तिला असं काही झापलं की शेजारची माणसं गोळा झाली. योगूला उचललं, चपला घातल्या आणि निघाल्या. पट्टा सोडवून घेतल्याशिवाय नाही हं!

तिसरं नाव सरकारी दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं. चंदा गजभिये. नागपुरात शिकून आलेली, लेकरांच्या हातापायांना आणि अंगाला वळण लावणारी थेरपिस्ट. नवरा आयुध निर्माणीत, क्वार्टर जवाहरनगरला. रोज स्कूटीनं भंडाऱ्याला यायची आणि एका गल्लीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत लेकरं घ्यायची. आडनाव ऐकून बाईंनी सवयीनं मनातल्या मनात जात-पात, गाव, नातं लावायला सुरुवात केली. सोयरिकीचा पहिला प्रश्न आडनावाचाच असतो. मग स्वतःवरच डाफरल्या, "इथं काय लगन लावाचं आहे का वं सत्यभामे?"

खोलीत छताला झोपाळा टांगलेला, कोपऱ्यात धानानं भरलेलं घमेलं, त्यात एक पोरगी कोपरापर्यंत हात खुपसून खिदळत होती. तिची आई बाजूलाच बसली होती. चंदा खाली जमिनीवर. बाईंना पाहून ती उठली नाही, कारण दुसरं एक पोर तिच्या मांडीवर पाय ठेवून बसलं होतं. "या आजी, बसा, पाच मिनिटं," एवढंच म्हणाली. बाईंनी पाणी मागितलं, मागच्या दारानं हिंडून आल्या, झाडणाऱ्या मावशीशी बोलल्या. काही सापडलं नाही. उलट मावशी म्हणाली, लेकरं घरी जाताना रडतात.

"बोलन का माहा नातू?" बाईंनी शेवटचं विचारलं.

"मले नाही माहीत, आजी. पाहू. अन् बोलन्याचं काम माहं नाहीच. त्याच्यासाठी वेगळी मॅडम लागते, मी नाव देते. मले जे येत नाही ते मी करत नाही."

बाई पाहतच राहिल्या. एवढ्या वर्षांत वरबापानं किंवा वधूबापानं आपलीच कमी आपल्या तोंडानं सांगितलेली त्यांनी एकदाही ऐकली नव्हती. हीच, असं त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

आणि इथंच बाईंचं चुकलं. समोरच्या माणसाचा खरेपणा ज्यांना एका वाक्यात ओळखता आला, त्यांनी स्वतः मात्र मूठ झाकलेलीच ठेवली. का? तर भीतीनं. एवढं चांगलं स्थळ हातचं गेलं तर? नर्सरीचं फाटक डोळ्यांसमोर होतं.

पहिल्या भेटीला योगूला नेलं ते नवरी नटवावी तसं. न्हाऊमाखू घालून, पावडर, काजळ, मामाच्या लग्नातला चकचकीत शर्ट. झोप पुरी होऊ दिली, पोट भरलं, बाईंच्या पिशवीत बिस्किटांचे पुडे. पोरगं नुसतं टुकूटुकू पाहत बसलं. चंदा एकेक विचारत गेली आणि तृप्तीनं तोंड उघडायच्या आत बाईंची उत्तरं येत गेली. झोपतो का? पडला की झोपते. रागावला तर काय करतो? राग? याले? लय गुनी आहे, मॅडम. चावतो का? छे!

"घरातून पळतो का? रस्त्याकडे, पाण्याकडे?"

तृप्तीनं सासूकडे पाहिलं. बाईंनी पदराखालून तिच्या मांडीला असा चिमटा काढला की तिचे ओठ मिटलेच.

"नाही बाप्पा. दारातच खेळते."

"मग बरं आहे," चंदा म्हणाली. "दाराला कडी लावली की हा घाबरतो, मघाशी मी पाहिलं. पळणारं पोर असतं तर मी कडी लावलीच असती. याच्या वेळेला दार उघडं ठेवू."

परतताना तृप्ती बसमध्ये पुटपुटली, "सांगाले पायजे होतं, आई."

"सांगू. आधी तिचा जीव लागू दे पोरावर. जीव लागला का मंग सांगू."

जीव लागायला लागलाही. झोपाळ्यावर बसायचं म्हटलं की पूर्वी किंचाळणारा योगू आता चंदाचं बोट धरून स्वतः चढायचा. धानाच्या घमेल्यात हात घालून तोंडानं एक मऊ आवाज काढायचा. बोलणं शिकवणाऱ्या दुसऱ्या मॅडमकडेही जाणं सुरू झालं. घरी गोमाजींना बाई रोजचं सगळं सांगायच्या, आणि कधी नव्हे ते गोमाजी मध्येच विचारायचे, 'मंग?' सांगायचं तेवढं मात्र पुढे ढकललं जात राहिलं. आज नको, आज तो छान बसला. आज नको, आज मॅडमचं डोकं दुखत होतं.

उन्हाळा लागला होता. तृप्ती औषधाच्या दुकानात गेली होती, बाई खुर्चीत बसल्या बसल्या पेंगुळल्या होत्या. चंदा झोपाळ्याची दोरी नीट करायला स्टुलावर चढली. उतरून पाहते तर योगू नाही.

आधी हाका, मग धावाधाव. पोर पळालं म्हटल्यावर माणसाला आधी गाड्याच दिसतात. चंदा अनवाणी रस्त्याच्या दिशेनं सुटली, तिच्या मागे दुसऱ्या लेकरांच्या दोघी आया, कुणी ऑटोवाल्यांना ओरडून सांगतंय. झोपेतून उठलेल्या बाईंना काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. त्या दारात आल्या आणि भर गल्लीत त्यांचा आवाज फुटला.

"मॅडम! रोडवर नोको! पानी पाहा! पानी कोठी आहे इथं? तो पान्यातच जाते, मॅडम, पान्यातच जाते तो!"

चंदा जागच्या जागी थांबली. मागच्या गल्लीत एक घर बांधायला काढलं होतं, तिथं विटांचं टाकं होतं, कामाच्या पाण्यानं भरलेलं. ती वळली आणि धावली. बाई मागून, तोंडानं सगळ्या देवांची नावं घेत.

योगू टाक्यात होता. टाचा उंचावून उभा, पाणी हनुवटीला लागलेलं, आणि दोन्ही हातांनी पाण्यावर थापा मारत खुदुखुदु हसत होता. एक पाय सरकला असता तर! चंदानं कपड्यानिशी उडी टाकली आणि त्याला वर काढलं. त्यानं तिच्या दंडाला कडकडून चावा घेतला, कारण त्याला पाण्यातून यायचं नव्हतं. तिनं सोडलं नाही.

नंतर ती पायरीवर बसली, ओलीचिंब, पोर मांडीत घट्ट धरून. तृप्ती दुकानातून आली ती हातातली पिशवी टाकून पोरावर पडूनच रडली.

"आधी गेला होता का पाण्यात?" चंदानं विचारलं.

तृप्तीनं डोळे पुसले आणि सासूकडे न पाहता म्हणाली, "लय खेपा. अन् चावतेबी. घरी सगळ्याइले माहीत आहे."

"मी विचारलं होतं, आजी." चंदाचा आवाज चढला. "एकेक करून विचारलं होतं तुमाले. मले माहीत असतं तं मी कडी लावली असती. एवढंच कराचं होतं, एक कडी! आज काही झालं असतं तं मी तुमाले काय तोंड दाखवलं असतं? अन् तुमी सुनेले?"

"सांगतलं असतं तं घेतलं असतं का तुमी पोर?" बाई एकदम उसळल्या, आणि उसळता उसळताच रडायला लागल्या. कुणाच्या बिदाईला न रडलेली बाई, भर गल्लीत, पदर तोंडात कोंबून. "नर्सरीवालीनं फाटकातून हाकललं माह्या पोराले. मी लंगड्या पोराले बायको आनून देल्ली, तिरळ्या पोरी चांगल्या घरी देल्ल्या. अन् माह्या घरचं पोर कोनी घेत नाही, बाई. कोनी घेत नाही."

चंदा दंडावरचे दातांचे व्रण चोळत बसली.

"आज मले काही बोलता येत नाही, आजी. आज मले राग आहे. उद्या सकाळी आना त्याले. अन् आंघोळ घालू नोका, पावडर लावू नोका. घरी जसा असते तसा आना. मंग मी सांगते, घेते का नाही."

ती रात्र बाईंनी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. सकाळी योगू उठला तसा निघाला. केस पिंजारलेले, चावून चावून शर्टाची कॉलर भिजलेली, पायांत चप्पल घालू देईना म्हणून अनवाणी. एसटीत तो ओरडला, माणसं वळून पाहायला लागली. एरवी बाईंनी बिस्किटाचा पुडा फोडला असता. आज पिशवीत पुडा नव्हता.

खोलीत शिरल्यावर बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. खाली, चंदासमोर बसल्या. आणि चोळीची बाही कोपराच्या वर सरकवली. मनगटापासून वरपर्यंत व्रण होते, जुने पांढरे, नवे तांबडे, एकावर एक. तृप्तीनंही ते असे एकत्र कधी पाहिले नव्हते. बाई भर उन्हाळ्यात लांब बाहीची चोळी का घालतात, हे तिला त्या क्षणी कळलं.

"लिवून घ्या, मॅडम," बाई म्हणाल्या. आणि सांगायला लागल्या. चावते. डोस्कं भिंतीवर आपटते. रात्री उठून बसते, माही कानाची पाळी धरल्याबिगर झोपत नाही. दार दिसलं का बोडीवर जाते. कुकरची शिट्टी झाली का कानावर हात ठेवून लोळते. पाहुने आले का मी याले कोंडून ठेवतो. तेही लिवून घ्या. कोंडून ठेवतो. एकदा मी याले शेजारचा म्हटलं.

तृप्तीनं मान खाली घातली. बाई थांबल्या नाहीत. जन्मभर दुसऱ्यांचे गुण सांगून थकलेल्या जिभेनं आज घरचे सगळे दोष एका दमात सांगून टाकले आणि मग बाई हात जोडून बसल्या.

"घेता का?"

"काल उचललं तेव्हाच घेतलं होतं," चंदा म्हणाली. "राग आला होता, लय आला होता. पन तुमचा राग आला होता, आजी. त्याचा नाही." ती उठली, दाराला कडी लावली. योगू रडायला लागला. ती त्याच्याजवळ जाऊन बसली, आणि तो रडत असतानाच बाईंना सांगायला लागली. "आता कळलं ना मले, त्याले काय आवडते. मंग पान्यापासूनच सुरू करू. पानी नाही असं त्याले म्हनाचं नाही. एकट्यानं नाही, एवढंच शिकवाचं. दाराशी थांबाचं, कोनाचातरी हात धराचा, मंग जाचं. दिवस लागतील. किती ते मले विचारू नोका."

दिवस लागलेच. रोज घरी दाराच्या उंच कडीशी तेच ते. योगूला थांबवायचं, त्याचा हात आपल्या हातात घ्यायचा, तो हात कडीपर्यंत न्यायचा आणि मग दोघांनी मिळून बोडीवर जायचं, पाय बुडवून बसायचं, परत यायचं. पावसाळ्यात बोडी तुडुंब भरली तेव्हा कैलाशनं काठाला काटेरी तारेचं कुंपण घातलं, कारण शिकवणं शिकवण्याच्या जागी आणि कुंपण कुंपणाच्या जागी, असं चंदानं बजावलं होतं. कंटाळून बाई तिला फोनवर म्हणाल्या, 'मॅडम, बैल शिकला असता आतापावेतो.' चंदा हसली आणि म्हणाली, बैलाले कधी एवढं समजून घेतलं का तुमी?

धान घरात आलं, दिवाळी झाली, लग्नसराईचे पाहुणे सुरू झाले. तुमसरकडचे एक मोठे सोयरे आले होते. त्यांच्या पोराला मुलगी पाहायची होती, घर नावाजलेलं, बाईंनी जुळवलं असतं तर तालुकाभर नाव झालं असतं. समोरच्या खोलीत सतरंजी, बाई पदर डोक्यावर घेऊन मधोमध. तृप्ती सैपाकघरात चहा गाळत होती. मागच्या खोलीची कडी आज कुणीच लावली नव्हती. बाईंनी लावायला सांगितलं नव्हतं आणि तृप्तीनं विचारलं नव्हतं.

योगू बाहेर आला. अंगात नुसती चड्डी, तोंडात कॉलरऐवजी आता चघळायची रबरी नळी, घशातून तोच मऊ आवाज. पाहुणे बोलता बोलता थांबले. समोरचं दार सताड उघडं होतं, आणि दारापलीकडे सरळ बोडीची वाट. तृप्ती चहाची गाळणी हातात धरूनच सैपाकघराच्या उंबऱ्यावर आली.

योगू दारापर्यंत गेला. उंबऱ्याशी थांबला. मग मागे वळला, पाहुण्यांच्या पायांमधून, त्यांच्या टोप्या-उपरण्यांना धक्के देत आजीपर्यंत आला, आणि तिचा हात धरून ओढायला लागला.



"कोनाचा पोट्टा हा, बाई?" मोठ्या सोयऱ्यानं विचारलं.

"माहा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "माहा नातू आहे, योगेंद्र. बोलत नाही. चावते. पान्याकडे पळत होता, आता हात धरून जाते."

सोयऱ्याचा हात सुपारीच्या तबकावर तसाच राहिला. उंबऱ्यावर तृप्तीच्या हातातल्या गाळणीतून चहा टपटप जमिनीवर गळत होता, आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"बाई, मंग आपल्या पोराचं?"

"तुमच्या पोराचं मंग बोलू, भाऊ. पन खरं खरं सांगान तं बोलू," बाई नातवाचा हात धरून उठत म्हणाल्या. "चहा घ्या तोवर. आमी बोडीवरून येतो."